बेरीज आणि खंड : २०२३ च्या खरिपाचे प्रकरण, मुंबईतून पाहताना

९ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईतील दहा टक्के पाणीकपात मागे घेण्यात आली. १ जुलैपासून लागू असलेली ही कपात उठली, कारण जुलैच्या मुसळधार पावसाने शहराला पाणी पुरवणाऱ्या सात धरणांचा एकत्रित साठा ८० टक्क्यांच्या पुढे गेला होता. त्याच आठवड्यात मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पावसाने दडी मारली होती, आणि ती दडी महिनाभर टिकणार होती. शहराच्या दृष्टीने पावसाळ्याची चिंता मिटली, तेव्हा शिवारातली चिंता नुकती सुरू होत होती.

त्या वर्षी राज्याची चार महिन्यांची पावसाची सरासरी हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे ‘सामान्य’ गटात बसत होती. तरीही ३१ ऑक्टोबरला १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात टंचाई फिरून मुंबईच्या नळापर्यंत आली. हे दोन्ही एकाच हंगामात कसे घडले, आणि ते मोजताना आपण कोणती मापपट्टी हातात घेतली, एवढाच या लेखाचा विषय आहे. धोरणे ठरवणारे मंत्रालय, पाणीवाटपाचे खटले ऐकणारे उच्च न्यायालय आणि सर्वांत मोठा एकगठ्ठा पाणीग्राहक हे तिन्ही मुंबईतच असल्याने हे प्रकरण इथूनच पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

हंगाम कसा गेला

मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोहोचला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा. अरबी समुद्रातील बिपरजॉय चक्रीवादळाने बाष्प स्वतःकडे ओढून नेले आणि कोकणात येऊन थबकलेला पाऊस पुढे सरकेना. मृग नक्षत्र जवळजवळ कोरडे गेले. २५ जूनला मोसमी पाऊस मुंबई आणि दिल्ली येथे एकाच दिवशी दाखल झाला. असा योग १९६१ नंतर प्रथमच आला होता. विदर्भ-मराठवाड्यातील पेरण्या त्यामुळे जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात झाल्या.

जुलैने मागची कसर भरून काढली. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक पाऊस झाला. सांताक्रूझ वेधशाळेत एकट्या जुलैत दीड हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद होऊन त्या महिन्याचा तोवरचा विक्रम मोडला. मराठवाड्याच्या संपूर्ण पावसाळ्याची सरासरी साधारण साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की एकाच राज्यातील दोन भूभाग किती वेगळ्या आकड्यांत जगतात याची कल्पना येते.

मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिला नव्हता. तूट ३६ टक्क्यांची होती. मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला, की मध्य भारतावर पावसाला खंड पडतो आणि डोंगरात मात्र कहर होतो. त्या महिन्याच्या मध्यास हिमाचल प्रदेशात दरडी कोसळून जी जीवितहानी झाली, ती आणि जालन्यातील भोकरदन-अंबडकडील सुकणारे सोयाबीन या एकाच घडामोडीच्या दोन बाजू होत्या. प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे आपल्या पावसाला मारक ठरणारी उष्ण पाण्याची स्थिती, बळावत होता, आणि त्याला उतारा ठरणारी हिंदी महासागरातील अनुकूल स्थिती अजून पुरती आकाराला आली नव्हती. त्या वर्षी श्रावण अधिक होता. म्हणजे पंचांगात दोन श्रावण होते, पण पहिल्याच्या उत्तरार्धापासून दुसऱ्याच्या जवळजवळ अखेरीपर्यंत आभाळ पांढरेच राहिले. आश्लेषा कोरडी गेली आणि पाठोपाठ मघाही. मघांविषयीच्या जुन्या म्हणीचा पूर्वार्ध छापण्याजोगा नाही. उत्तरार्ध मात्र त्या महिन्याचे नेमके वर्णन करतो : न पडल्या मघा, तर वर ढगाकडे बघा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर पाऊस परतला, गणेशोत्सवात तो मुंबईतही बरसला, आणि देशाच्या पातळीवर सप्टेंबर सरासरीपेक्षा १३ टक्क्यांनी अधिक भरला. ३० सप्टेंबरला हंगामाचा हिशेब मांडला गेला तेव्हा देशाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के होता. हवामान विभाग एखाद्या उपविभागात किंवा राज्यात उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा फरक ‘सामान्य’ समजतो. महाराष्ट्र या पट्ट्यात आरामात बसला, आणि मराठवाडाही बसला.

धरणाचा हिशेब आणि पिकाचा हिशेब

मुंबईकर पावसाळा मोजतो तो धरणाच्या टक्क्यांत. जून उजाडला की वृत्तपत्रांत सात नावांची चौकट छापली जाते : ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. यांचा एकत्रित उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. १ ऑक्टोबरला हा साठा किती, त्याला रोजच्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटरने भागले की किती दिवस निघतील, हे गणित चौथीतल्या मुलालाही सोडवता येते; पूर्ण भरलेल्या साठ्याचे उत्तर ३७० दिवसांच्या थोडे पुढे येते. धरणाला पाऊस केव्हा पडला याचे फारसे सोयरसुतक नसते. तो जुलैच्या दहा दिवसांत कोसळला काय किंवा चार महिने झिरपत राहिला काय, भिंतीमागे बेरीज तीच.

पीक बेरीज करत नाही. १ जुलैला पेरलेल्या सोयाबीनचे उदाहरण घेऊ. साधारण शंभर दिवसांत निघणारे हे पीक पस्तिसाव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसादरम्यान फुलोऱ्यात येते आणि पुढचे तीन-चार आठवडे शेंगा धरण्याचे व दाणे भरण्याचे असतात. म्हणजे ५ ते १५ ऑगस्ट हा त्याचा फुलोरा आणि तेथून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ दाण्याचा. २०२३ चा खंड बरोबर या खिडकीवर येऊन पडला. पाऊस परतला तेव्हा पिकाचे वय सत्तर दिवसांच्या आसपास होते. गळालेली फुले तो परत आणू शकत नव्हता आणि शेंगेतल्या बारीक राहिलेल्या दाण्याला फार तर थोडा भार देऊ शकत होता. सप्टेंबरच्या पावसाने हंगामाच्या तक्त्यातील तूट भरून निघाली, पण सोयाबीनच्या ताळेबंदात तो जमेच्या बाजूला जवळपास आलाच नाही. उलट विदर्भात त्याच सुमारास पिवळ्या मोझॅक या रोगाने उरलेल्या पिकाचीही वाताहत केली.

येथे जमिनीचा प्रश्न येतो, आणि सरासरीच्या भाषेत तो पूर्णपणे हरवतो. खोल, भारी काळ्या जमिनीत पंधरा-वीस दिवसांचा खंड पीक कसेबसे सोसते. मुरमाड, हलक्या रानात आठ-दहा दिवसांतच पाने दुपारी माना टाकू लागतात. एकाच गावात ओढ्याकाठचे रान हिरवे आणि माळावरचे पिवळे, हे दृश्य त्या ऑगस्टमध्ये सर्वत्र होते. कापसाची मुळे खोल जातात आणि तूर लांब मुदतीची असल्यामुळे ही पिके खंडातून काही प्रमाणात सावरली. साठ-सत्तर दिवसांत हाती येणाऱ्या मूग-उडदाला सावरायला वेळच मिळाला नाही. सणासुदीच्या तोंडावर रोख पैसा देणारी पिके हीच असतात, त्यामुळे नुकसान एकरी किलोंमध्ये कमी दिसले तरी घरातली चणचण पोळ्यापासूनच सुरू झाली.

खंडाचे महत्त्व शासनयंत्रणेला ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पीक विमा योजनेत तेव्हा ‘हंगाम मध्य प्रतिकूल परिस्थिती’ची तरतूद होती. अपेक्षित उत्पन्नात निम्म्याहून अधिक घट येणार असे संयुक्त पाहणीत दिसले, तर जिल्हाधिकारी अधिसूचना काढत आणि भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यावी लागे. त्या वर्षी राज्याने एक रुपयात पीक विमा सुरू केला होता आणि अर्जांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली होती. २१ दिवसांहून अधिक खंड पडलेली महसुली मंडळे (तालुक्याखालचे गावांचे गट) हेरून अनेक जिल्ह्यांनी अधिसूचना काढल्याही. त्यानंतर कंपन्यांनी हरकती घेतल्या, अपिले केली, आणि आगाऊ म्हणवली जाणारी रक्कम बऱ्याच ठिकाणी सुगी उलटल्यावर पोहोचली. ‘आगाऊ’ या शब्दाला मराठीत दुसराही एक अर्थ आहे, त्याची आठवण अशा वेळी होते.

चाळीस तालुके आणि उरलेले

दुष्काळ जाहीर करण्याची पूर्वीची पद्धत पैसेवारीची, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले हे ठरवण्याची होती. पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईग्रस्त, असा सरळ हिशेब होता, पण अंतिम पैसेवारी डिसेंबरात लागत असल्याने निर्णय उशिरा होई. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने ही पद्धत बाजूला सारून टप्प्यांची चाळणी आणली. पहिल्या टप्प्यात पावसाची तूट आणि पावसाचा खंड. खंड म्हणजे सलग तीन ते चार आठवडे सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. दुसऱ्या टप्प्यात उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल आणि धरणे-भूजलाची स्थिती. त्यानंतर दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पडताळणी : नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर मध्यम दुष्काळ, त्यापुढे गंभीर. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेरपर्यंत घ्यावा, अशी अपेक्षा आहे.

पद्धत कागदावर चांगली आहे. ती खंडाला तुटीच्या बरोबरीचे स्थान देते, हा तिचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल. ३१ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळ बैठकीनंतर जी यादी आली तीत २४ तालुके गंभीर आणि १६ मध्यम दुष्काळाचे होते. यादी वाचताना अनेकांच्या भुवया उंचावल्या, कारण तीत भोकरदन, बदनापूर, अंबड, मंठा, वडवणी, धारूर, वाशी, लोहारा या अपेक्षित नावांबरोबर बारामती, इंदापूर, मिरज, हातकणंगले आणि गडहिंग्लजही होते, आणि मराठवाड्यातील अनेक सवयीने दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे तालुके मात्र नव्हते. राजकीय आरोप झाले. माझ्या मते यादीतील ऊसपट्ट्याच्या नावांनी दचकण्याचे कारण नव्हते. कालव्याखालील चार गावे हिरवी असली म्हणून तालुक्याचा कोरडवाहू भाग हिरवा होत नाही, आणि उपग्रहाला पुढाऱ्याचा मतदारसंघ कळत नाही. खरा दोष चाळणीच्या आकारात होता. तालुका हे फार मोठे माप आहे. पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे राहते, असे म्हणणाऱ्या समाजाने शंभरावर गावांच्या तालुक्याला एकच शिक्का मारावा, हे विचित्रच.

त्यावर उपाय म्हणून नोव्हेंबरमध्ये महसुली मंडळाच्या पातळीवर उतरून हजारच्या आसपास मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. माप लहान झाले, हे योग्यच झाले. पण निकष काय होता? जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरहून कमी. म्हणजे संहितेने मोठ्या कष्टाने आणलेला खंड गळाला आणि बेरीज परत आली. ज्या मंडळात जुलैत चारशे, ऑगस्टात दहा आणि सप्टेंबरात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला, ते मंडळ या चाळणीतून सहज बाहेर राहू शकते. तिथले सोयाबीन मात्र ऑगस्टातच गेलेले असते. त्याउलट चारही महिने थोडाथोडा पण वेळेवर पडलेला पाऊस आकड्याने कमी असूनही पीक पदरात टाकून जातो. लहान मापाने मोजले, पण मोजायची वस्तू बदलली.

जाहीर झालेल्या सवलती ठरलेल्या आठ होत्या : जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि पंपाची वीज न तोडणे. यातील परीक्षा शुल्काची माफी शहरी वाचकाला किरकोळ वाटते. मुंबई-पुण्यात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांच्या घरी विचारले, तर ती तशी नसते.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट जोडीला आली. ऑगस्टच्या खंडाने भाव भडकतील या भीतीपोटी केंद्राने १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. येवला, सिन्नर आणि मालेगाव हे तिन्ही कांद्याचे तालुके दुष्काळाच्या यादीत होते. पाण्याअभावी निम्मा आलेला माल त्यांना पडत्या भावाने विकावा लागला, आणि नवी मुंबईतील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून तो आपल्या स्वयंपाकघरात आला. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये होता आणि २०२४ च्या सुरुवातीला बाजार त्याच्याही खाली गेला. आयात खाद्यतेल स्वस्त असताना देशातील तेलबियांना भाव मिळत नाही. त्यामुळे पीक कमी तर भाव जास्त, हा जुना दिलासाही उरला नाही.

जायकवाडीचे पासष्ट टक्के

पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची गोष्ट या प्रकरणात वेगळी काढावी लागते, कारण तिथे बेरीज कायद्याने बांधलेली आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पाणी सोडावे. २०२३ मध्ये साठा पन्नाशीच्याही आत होता. ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या भागातून विरोध झाला, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि प्रत्यक्ष विसर्ग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला.

या वादात मुंबईतले आपण बहुधा पंचाच्या भूमिकेत असतो आणि दोन्ही बाजूंना समजुतीच्या चार गोष्टी सांगतो. पण आदेश आणि विसर्ग यांच्यामधल्या जवळपास चार आठवड्यांत रब्बीच्या पेरणीची वेळ निघून जाते, नदीपात्र आणखी कोरडे होते आणि वाटेत मुरणारे पाणी वाढते. ६५ टक्क्यांचा नियम बेरजेचे न्याय्य वाटप करतो. वेळेचे वाटप त्यात नाही. ज्वारी-हरभऱ्याला पेरणीपूर्व पाणी मिळणार की नाही हे ऑक्टोबरच्या मध्यास कळले तर शेतकरी काही ठरवू शकतो, डिसेंबरात कळले तर फक्त ऐकू शकतो.

शहरापर्यंत

१ ऑक्टोबरला मुंबईची सातही धरणे जवळजवळ काठोकाठ होती. मागील दोन वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस रेंगाळला होता. २०२३ मध्ये तो महिना कोरडा गेला. वापर सुरू होण्याची तारीख पंधरा दिवस अलीकडे आली, एवढाच फरक. पण रोजच्या ३,९०० दशलक्ष लिटरने पंधरा दिवसांचे किती होतात, हे पुन्हा चौथीतलेच गणित आहे. मेच्या अखेरीस साठा दहा टक्क्यांच्याही खाली आला. महापालिकेने ३० मे २०२४ पासून पाच आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात केली, आणि भातसाच्या राखीव साठ्यातून १,३७,००० व ऊर्ध्व वैतरणातून ९१,१३० दशलक्ष लिटर पाणी राज्य शासनाकडून मंजूर करून घेतले.

दहा टक्के कपातीत मुंबईकराची सकाळ अर्ध्या तासाने हुकते. त्याच सुमारास राज्यात तीन हजारांहून अधिक टँकर धावत होते, त्यातले सर्वाधिक मराठवाड्यात. उजनीचा उपयुक्त साठा जानेवारीतच संपून उणे झाला होता आणि जायकवाडी तळाला गेले होते. टँकर धावत असलेल्या तालुक्यांत शहापूरही होता. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे ज्या तालुक्यात आहेत, जिथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथल्या पाड्यांवर दर एप्रिल-मेमध्ये हंड्यांच्या रांगा लागतात. कातळाचा उतार पाणी धरत नाही, आणि धरलेले पाणी जलवाहिनीतून आपल्याकडे येते. दुष्काळाच्या कोणत्याही यादीत शहापूर बसणार नाही. ७५० मिलिमीटरचा निकष तो जुलैतच ओलांडतो. भाताचे एक पीक घेऊन आठ महिने मजुरीला भिवंडी-कल्याणला येणाऱ्या तिथल्या शेतकऱ्याचे नाव या प्रकरणात कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवावेसे वाटले.

काही सुधारणा नजीकच्या आवाक्यातल्या आहेत. राज्यात महसुली मंडळांवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांची रोजची नोंद असताना मंडळाचा निकाल चार महिन्यांच्या बेरजेवर लावण्याची गरज नाही. पेरणीच्या तारखेपासून फुलोऱ्याचे दिवस मोजून त्या दिवसांतला खंड स्वतंत्र निकष म्हणून धरता येतो, आणि हलक्या जमिनीसाठी तो दहा दिवसांचा व भारी जमिनीसाठी वीस दिवसांचा ठेवता येतो. जमिनीचे नकाशे उपलब्ध आहेत. अडचण पैशांची आहे, कारण असा निकष लावला तर यादी लांबेल.

२९ जुलै २०२४ रोजी मुंबईची कपात उठली. जायकवाडी मात्र सप्टेंबरपर्यंत थांबले. त्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या शेतांत कमरेइतके पाणी साचले. नाथसागर भरत गेला, दरवाजे उघडण्याची वेळ आली, वृत्तवाहिन्यांनी ते दृश्य दिवसभर दाखवले. सोयाबीन तेव्हा शेंगेत होते, आणि साचलेल्या पाण्यात ते उभ्याचे उभे सडले.